मारिओ, कॉन्ट्रा, मुस्तफा पुन्हा खेळायचेत? पाचशेचा डबा, साडेतीन हजारांचा कन्सोल की हातातला मोबाइल. पैसे देण्याआधी हे तपासा

गोंदिया : दिवाळी झाली की जिल्ह्यात मंडईचा हंगाम सुरू होतो. खेळण्यांच्या दुकानात फुगे आणि भिरभिऱ्यांच्या बाजूला आता '४०० इन १' लिहिलेला छोटा गेमचा डबाही दिसतो. दुसरीकडे फेसबुकवर '१० हजार जुने गेम, फक्त आजच्या दिवस' अशा जाहिराती येतात. दिसायला सगळे सारखेच, पण भाव ५०० पासून २० हजारांच्या वर. यातलं काय चालतं, काय नुसतं चमकतं आणि कोणाला काहीच घ्यायची गरज नाही, ते समजून घेऊ.

आधी एम्युलेटर म्हणजे काय ते पाहू. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळायचो ते 'टीव्ही गेम' म्हणजे बहुतेक जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ च्या 'फॅमिकॉम' मशीनच्या नकला होत्या. पिवळी नाहीतर काळी कॅसेट, दोन रिमोट आणि टीव्हीच्या मागे खोचायची वायर. ते मशीन आज मिळत नाही. पण त्याच्यासारखं वागणारा प्रोग्राम आजच्या चिपवर चालवता येतो, त्यालाच एम्युलेटर म्हणतात. कॅसेटमधला गेम फाइल म्हणून उतरवला की ती झाली 'रॉम' फाइल. या फाइली किती लहान असतात पाहा : १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा गेम ४० केबीचा आहे. व्हॉट्सॲपवर आलेला सकाळचा नमस्काराचा फोटो त्याहून मोठा असतो.

म्हणून 'किती गेम आहेत' या आकड्याला काही किंमत नाही. दहा हजार गेम भरायला कंपनीला खर्च येत नाही. तोच गेम नाव बदलून दहादा टाकलेला असतो, अर्धे जपानी भाषेत असतात. खर्च येतो तो चिपला, डिस्प्लेला, बटणांना आणि बॅटरीला. आपण पैसे मोजतो ते याचे.

तुम्हाला नेमकं काय खेळायचंय?

पहिला प्रश्न हाच. कॉन्ट्रा, मारिओ, बॉम्बरमॅन, रोड फायटर, टँकवाला बॅटल सिटी हे सगळे आठ बिटचे गेम. ते कोणत्याही डब्यावर चालतात.

मुस्तफाचं तसं नाही. बसस्टँडजवळच्या व्हिडिओ पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायचो तो पिवळ्या टोपीवाला मुस्तफा म्हणजे कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. तो टीव्ही गेमचा नव्हे, पार्लरच्या मोठ्या मशीनचा गेम. स्वस्त डब्यातली चिप तो ओढू शकत नाही. यादीत 'मुस्तफा' असं नाव दिसलं तरी उघडल्यावर भलतंच काही निघू शकतं. टेकन ३ हा आणखी पुढच्या पिढीचा, १९९८ चा प्लेस्टेशनचा सीडीवाला गेम.

आणि हमखास विचारला जाणारा प्रश्न : व्हाइस सिटी चालेल का? तो २००२ चा, प्लेस्टेशन २ आणि कॉम्प्युटरचा गेम. पाच हजारांच्या आतल्या कन्सोलवर तो चालेल असं धरून चालू नका, दुकानदार काहीही म्हणो. मोबाइलसाठी त्याची अधिकृत आवृत्ती २०१२ मध्येच आली आहे.

पाचशेचा डबा

'सप' नावाने विकला जाणारा हा तीन इंची स्क्रीनचा डबा साधारण ५०० ते ८०० रुपयांत मिळतो. आत आठ बिटचीच चिप. सोबत वायर असते, ती टीव्हीच्या एव्ही पिनला लावली की मोठ्या पडद्यावर खेळता येतं. काही डब्यांसोबत दुसरा रिमोटही येतो आणि दोघं भाऊ-बहीण मिळून खेळू शकतात. आमच्या मते या डब्याची खरी मजा तीच आहे, कारण तीन इंची पडद्यावर अर्ध्या तासात डोळे दुखतात.

मोठी खोट एकच : गेम सेव्ह होत नाही. सातव्या स्टेजवर पोहोचलात आणि डबा बंद झाला, की पुन्हा पहिल्यापासून.

बॅटरी मात्र ओळखीची आहे. जुन्या नोकियाच्या मोबाइलात यायची त्याच बीएल-५सी मापाची, काढता-घालता येणारी. कोणत्याही तालुक्याच्या मोबाइल दुकानात ती मिळते. पण ऑगस्ट २००७ आठवतो का? याच बॅटरीच्या ४ कोटी ६० लाख नगांबद्दल नोकियाने जगभर इशारा दिला होता, चार्जिंगला लावल्यावर त्या तापत होत्या. नामांकित कंपनीच्या बॅटरीत असं घडू शकतं, तर बिननावाच्या डब्यात येणाऱ्या बॅटरीवर भरवसा किती ठेवायचा? रात्रभर चार्जिंगला लावू नका, पांघरुणात ठेवू नका. फुगलेली दिसली की काढून टाका. नवी बॅटरी फारशी महाग नसते.

साडेतीन हजारांचा आर-३६-एस

सध्या सगळ्यात जास्त चर्चा याची. साधारण अडीच ते साडेचार हजारांत मिळतो. मधला भाव साडेतीन हजार धरला, तर २०२५-२६ च्या २,३६९ रुपये हमीभावाने जवळपास दीड क्विंटल धान झालं. म्हणजे विचार करूनच घ्यायची वस्तू.

साडेतीन इंची स्वच्छ डिस्प्ले, एक जीबी रॅम, दोन मेमरी कार्डांच्या जागा, दोन फिरत्या काड्या, वर बटणं. आठ बिट, सोळा बिट, गेम बॉय, मुस्तफासारखे पार्लरचे गेम आणि टेकन ३ हे सगळं चालतं. सोनीच्या पीएसपीचे हलके गेम चालतात, जड गेम अडखळतात. हवं तिथे गेम थांबवून सेव्ह करता येतो आणि उद्या तिथूनच पुढे. धानाच्या राखणीला धुऱ्यावर बसून पंधरा मिनिटं खेळायचं आणि उठायचं, तर ही सोय फार मोठी आहे.

आता कटकटी. पहिली म्हणजे सोबत येणारं मेमरी कार्ड. ते हलक्या दर्जाचं असतं आणि अचानक दगा देतं. मशीन घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे कॉम्प्युटरवर त्या कार्डाची पूर्ण नक्कल चांगल्या कंपनीच्या कार्डावर उतरवणं. तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्मचं काम करणारा पोट्टाही हे करून देईल. दुसरी कटकट चार्जिंगची. साधा पाच व्होल्टचा जुना चार्जर आणि त्याची नेहमीची यूएसबी केबल वापरा, फास्ट चार्जर लावू नका. तिसरी आणि सगळ्यात वाईट : याच नावाने, याच रंगात नकली माल विकला जातो. म्हणजे चायनाच्या मालाचीच चायनाने केलेली नक्कल. बाहेरून फरक कळत नाही, पण आतला बोर्ड वेगळा असतो आणि पुढे बिघाड झाल्यावर मूळ मशीनचं सॉफ्टवेअर त्यावर बसत नाही. त्यामुळे माल परत घेण्याची लेखी सोय नसेल तिथून हे मशीन घेऊ नका.

यात वायफाय नाही. जाहिरातीत ही उणीव म्हणून दाखवतात. घरात लहान लेकरं असतील तर आम्ही तिला गुण म्हणू, कारण पुढे सांगतो.

याच्या वरचे दोन थोडक्यात. मियू मिनी प्लस आकाराने सुबक, खिशात मावतो, वायफाय आहे, पण फिरती काडी नाही. मारिओच्या आणि गेम बॉयच्या चाहत्यांसाठी छान, टेकनवाल्यांनाही चालेल. ॲनबर्निक कंपनीचा आरजी-३५-एक्सएक्स-एच हा आडवा, जरा मजबूत, पीएसपी बरं चालवतो आणि एचडीएमआय वायरने नव्या टीव्हीला जोडता येतो. आर-३६-एसमध्ये ती सोय नाही. दोन्ही बाहेरून मागवावे लागतात, त्यामुळे भावात कस्टम आणि कुरिअर मिळून बराच फरक पडतो. अलीएक्सप्रेस भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे, हेही लक्षात असू द्या. त्या नावाने कोणी लिंक पाठवली तर सावध व्हा. रेट्रॉइडसारखे पंधरा-वीस हजारांचे अँड्रॉइड कन्सोल शौकिनांसाठी आहेत. तेवढ्या पैशात चांगला मोबाइल येतो.

मोबाइलच का नाही?

खरं म्हणजे बहुतेकांच्या खिशात यातल्या निम्म्या मशीनपेक्षा ताकदवान यंत्र आधीच आहे. तीन-चार जीबी रॅमचा अँड्रॉइड मोबाइल टेकन ३ आरामात चालवतो, पीएसपीचे बरेच गेमही चालवतो. रेट्रोआर्क, लेम्युरॉइड आणि पीएसपीसाठी पीपीएसएसपीपी हे एम्युलेटर प्ले स्टोअरवर फुकट आहेत. एकदा उतरवले की नेट लागत नाही.

अडचण काचेची. कॉन्ट्रात उडी मारत मारत तिरपी गोळी झाडायची असते, काचेवर अंगठा कुठे आहे तेच कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे ओटीजी पिन आणि वायरवाला यूएसबी गेमपॅड, दोन्ही मिळून साधारण चार-पाचशे रुपये. सगळे पॅड सगळ्या मोबाइलला चालत नाहीत, म्हणून दुकानातच जोडून पाहा. ब्लूटूथवाला पॅड महाग पडतो, पण वायरची कटकट नाही. आमचा सल्ला असा : आधी महिनाभर हे करून पाहा. जुन्या गेमची हौस पुष्कळांची आठवड्यात फिटते. टिकली तर मग कन्सोलचा विचार करा.

एका ठिकाणी मात्र मोबाइल मागे पडतो, आणि ती जागा घरातली आहे. ज्या मोबाइलवर गेम, त्यावरच फोन पे, त्यावरच बँकेचा ओटीपी, त्यावरच आधारची कामं. लेकरू गेम खेळता खेळता कोणत्या जाहिरातीवर बोट ठेवेल, सांगता येत नाही. गोंदियाला हे नव्याने सांगायला नको. जुलै २०२३ मध्ये ऑनलाइन गेमिंगमध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याची ५८ कोटींची फसवणूक झाल्याच्या तक्रारीवरून नागपूर पोलिसांनी आपल्याच शहरात छापा टाकला होता, कोट्यवधींची रोकड आणि सोनं जप्त झालं होतं. तेव्हापासून 'गेम' म्हटलं की आईबापाच्या पोटात गोळा येतो, आणि ते बरोबरच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदाही केला.

जुने गेम त्यातले नाहीत. त्यात पैसे लावता येत नाहीत, समोर अनोळखी माणूस नसतो, मध्ये जाहिरात येत नाही. वायफाय नसलेल्या कन्सोलवर तर बाहेरचं काही येऊच शकत नाही. साडेतीन हजार द्यायचेच असतील, तर त्याचं सगळ्यात पटणारं कारण हेच. वेळेचा प्रश्न मात्र कोणतंही मशीन सोडवत नाही.

दुकानात उभं राहून करायच्या तपासण्या

टेकन ३ लावायला सांगा. हललं, आवाज तुटला नाही, तर चिप बरी आहे. नुसतं नाव बघून खूश होऊ नका, चित्र बघा : चौकटी-चौकटीचे चपटे पैलवान दिसले तर तो आठ बिटचा बनावट टेकन. मग मध्येच गेम सेव्ह करा, मशीन पूर्ण बंद करून चालू करा, तिथूनच सुरू होतो का पाहा. पीएसपीसारखा दिसणारा डबा 'ओरिजिनल सोनी' म्हणून कोणी देत असेल, तर सोनीने पीएसपी बनवणं २०१४ मध्येच थांबवलं हे त्याला सांगा. डब्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासता येतो.

कायद्याचंही ऐका. एम्युलेटर वापरणं गुन्हा नाही, पण गेम हा कंपनीच्या मालकीचा प्रोग्राम आहे आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने त्याला संरक्षण आहे. हजारो गेम भरून विकणाऱ्यांनी त्यांची परवानगी घेतलेली नसते. मेमरी कार्डात गेम भरून देण्याचे पैसे घेणाऱ्या मोबाइल दुकानदारांनी विशेष सांभाळून राहावं : कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. हौशी मंडळींनी स्वतः बनवून फुकट वाटलेले नवे गेमही पुष्कळ आहेत, ते बिनधास्त खेळा. जीबी स्टुडिओ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने गेम बॉयचा गेम घरच्या कॉम्प्युटरवर बनवताही येतो. कॉम्प्युटरची आवड असलेल्या मुलाला हे नक्की दाखवा.

ऑनलाइन मागवलं असेल तर पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा, न थांबवता, पत्त्याच्या चिठ्ठीपासून. खराब निघालं आणि विकणारा दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथेही काही झालं नाही तर गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी तिथे फी लागत नाही, पण बिल जवळ लागतं. मंडईत घेतलं तरी बिल मागाच.