मोटारीचे छप्पर आणि हरवलेले केंद्र

वर्गात करण्याजोगा एक सोपा प्रयोग आहे. छोटा ट्रान्झिस्टर घ्या, मीडियम वेव्हवरचे एखादे केंद्र लावा आणि तो चालू ठेवूनच घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. झाकण बसले की केंद्र नाहीसे होते आणि खरखर तेवढी उरते. 'डब्याने आवाज अडवला,' असे मुले चटकन म्हणतील. पण खरखर तर बाहेर ऐकू येते! म्हणजे आवाज अडलेला नाही. अडल्या आहेत त्या बाहेरून आत येणाऱ्या रेडिओलहरी.

धातूचे कवच आतल्या भागाला बाहेरच्या विद्युतपरिणामांपासून वाचवते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये दाखवून दिले होते. त्यानंतर शंभर वर्षांनी मोटारी बनवणाऱ्यांना हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. तो कसा, ते आपण पाहू.

मोटारीत रेडिओ बसवण्याची खटपट अमेरिकेत १९२० नंतर सुरू झाली. डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून संदेश पाठवायला सुरुवात केली. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी १९३० च्या जूनमध्ये स्वतःच्या गाडीत रेडिओ बसवला आणि ती गाडी अटलांटिक सिटीला, रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनापर्यंत चालवत नेली. त्या रेडिओचे नाव 'मोटोरोला'. पुढे ते कंपनीचेच नाव झाले.

या खटपटीत दोन अडचणी होत्या. पहिली होती इंजिनाची. हर्ट्झ यांनी १८८७ च्या सुमारास रेडिओलहरी निर्माण केल्या त्या विद्युत ठिणग्यांमधून. आता मोटारीच्या इंजिनात काय घडते? प्रत्येक स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते. म्हणजे प्रत्येक प्लग हे जणू हर्ट्झ यांचे छोटे प्रक्षेपण यंत्रच! केंद्राच्या कार्यक्रमापेक्षा इंजिनाची करकरच मोठी ऐकू येई. प्लगच्या वाटेत विद्युतरोध घालून ही करकर पुष्कळशी आटोक्यात आणली गेली.

दुसरी अडचण एरिअलची. तिचे उत्तर मात्र तेव्हा आयते मिळाले. त्या काळी पोलादाचा एवढा रुंद पत्रा सहज मिळत नसे. त्यामुळे बंद गाडीच्या छपराचा मधला भाग लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाचा असे. कापडाला आधार म्हणून आत तारेची जाळी असे, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी. ही जाळी गाडीच्या धातूपासून अलग ठेवून तिला वायर जोडली की झाले एरिअल! बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नसे. पहिले लपवलेले एरिअल असे छपरातच होते.

मग गाड्या सुधारल्या. जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांना अखंड पोलादी छप्पर दिले. ते मजबूत होते, पाण्यापावसात टिकणारे होते आणि प्रवाशांच्या दृष्टीने अधिक सुरक्षित होते. पण रेडिओसाठी डब्याचे झाकण बसले. छपराखाली जाळी ठेवून उपयोग नव्हता, आणि छप्पर स्वतः गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असल्याने एरिअल होऊ शकत नव्हते. काहींनी पायफळीखाली एरिअल लपवून पाहिले. तिथे ते जमिनीला चिकटून राही, लहरी क्षीण मिळत, शिवाय चिखल आणि दगडगोट्यांचा मार असे. शेवटी बाहेर उभी काठी आली.

मीडियम वेव्हच्या १००० किलोहर्ट्झ लहरीची लांबी ३०० मीटर असते. तिच्या पावपट म्हणजे ७५ मीटर. एवढे एरिअल गाडीवर कोण लावणार? मीटरभराच्या काठीवर भागवावे लागते. पुढे एफ.एम. आले. तिथे १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटरची, पावपट ७५ सेंटीमीटर. तीच काठी इथे अगदी मापाची ठरली.

काठी वाकते, मोडते, चोरीला जाते, आणि दिसायलाही ती कोणाला नको असते. म्हणून १९६९ च्या पाँटियाक ग्रां प्री गाडीत समोरच्या काचेच्या दोन थरांमध्ये बारीक तारा घालण्यात आल्या. एरिअल पुन्हा लपले. पण मीडियम वेव्हवर आवाज क्षीण झाला. का, ते हिशेबाने पाहू. आखूड एरिअल विद्युतधारकासारखे वागते. समजा, त्याची धारिता १५ पिकोफॅरड आहे आणि रेडिओपर्यंतच्या केबलची ६०. मग मिळालेल्या व्होल्टेजपैकी १५ भागिले ७५, म्हणजे फक्त एकपंचमांश भाग रेडिओपर्यंत पोचतो. एरिअल जितके तोकडे, तितकी ही गळती मोठी.

उपायही या हिशेबातच आहे. छोटा अँप्लिफायर एरिअलच्या बुडाशी, केबलच्या आधी बसवायचा. केबलनंतर बसवला, तर गळती होऊन उरलेला संदेश आणि वाटेत शिरलेली खरखर दोन्ही सारखेच मोठे होतात. केबलचे बाहेरचे जाळीदार वेष्टन गाडीच्या धातूला पक्के जोडलेले हवे. ते गंजले की इंजिनाची करकर आत शिरते. एरिअल काचेत असेल तर तिच्यावर धातूचा थर असलेली फिल्म लावू नये. तीही पत्र्याचेच काम करते.

हा प्रश्न नुसत्या गाण्यांचा नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींत स्पार्क प्लग नाहीत, पण मोटरचा प्रवाह अतिवेगाने चालूबंद करणारी मंडले आहेत. त्यांची खरखर नेमकी मीडियम वेव्हवर येते. त्यामुळे काही कंपन्यांनी विजेच्या गाड्यांतून मीडियम वेव्ह काढूनच टाकली. फोर्ड कंपनीनेही २०२३ मध्ये तसे ठरवले होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो निर्णय तिने मागे घेतला. वादळात किंवा पुरात, दूरवरच्या गावांपर्यंत सूचना पोचवायला हीच लहर उपयोगी पडते, हे त्यामागचे कारण होते. तेव्हा अमेरिकेच्या संसदेत यासाठी विधेयकही मांडले गेले.

मजबूत छप्पर, देखणी काच, धूर न सोडणारी मोटर, या तिन्ही सुधारणा खऱ्याच. प्रत्येक वेळी त्यांची किंमत मात्र न दिसणाऱ्या लहरींनी मोजली. एखादी सुधारणा शिकवताना 'यात काय मिळाले?' हे आपण विचारतोच. त्यासोबत 'यात काय अडले?' हेही मुलांना विचारायला हवे.