एकशे नऊ तास आणि त्यानंतरचे दिवस

१५ ऑगस्ट १९४७, रात्री १२. हिंदुस्थानावरची इंग्रजांची सत्ता संपते. १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहापासून हैदराबादचा निजाम या सत्तेच्या आसऱ्याने राहिला. आपण स्वतंत्र राहणार, हे त्याने जूनमध्येच जाहीर केले आहे. नांदेड आणि लातूर त्याच्याच मुलखात आहेत.

२९ नोव्हेंबर १९४७. निजामाचा दिल्लीशी 'जैसे थे' करार होतो. मुदत १ वर्ष. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र मुसलमान स्वयंसेवकांची, म्हणजे रझाकारांची, सूत्रे लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाती आहेत. पुढच्या महिन्यांत गावे लुटली जातात, माणसे मारली जातात, कुटुंबे सरहद्दीपलीकडे पळतात. रझाकारांच्या या अत्याचारांचा राग उद्या कुणावर निघेल, हे तेव्हाच ओळखता आले असते.

२१-२२ ऑगस्ट १९४८ ची रात्र, हैदराबाद. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून होतो. भारतात सामील व्हा, असे ते लिहीत होते.

१३ सप्टेंबर, पहाटे ४. सोलापूरकडून भारतीय फौजा शिरतात. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल त्यांना शाबूत मिळतो.

त्याच दिवशी, उजाडताना. तुळजापूरला निजामाचे पायदळ आणि सुमारे २०० रझाकार २ तास लढून शरण येतात. नदीला पूर आल्याने लोहाऱ्याकडची आगेकूच अडते.

१५ सप्टेंबर. जालना हाती येते. फौजा पुढे जातात. मागे गावे राहतात आणि गावांत रझाकारांशी संबंध नसलेली मुसलमान घरेही.

१७ सप्टेंबर, सायंकाळी ५. निजाम युद्धबंदी जाहीर करतो. १०९ तास झाले आहेत.

१८ सप्टेंबर, दुपारी ४. भारतीय फौजेचे मेजर जनरल जे. एन. चौधरी हैदराबादेत दाखल होतात. दुसऱ्या दिवशी रझवीला अटक होते.

लातूर, त्यानंतर. रझवीच्या गावात, कच्छी व्यापाऱ्यांच्या या पेठेत, कत्तल २० दिवसांहून अधिक चालते. सुमारे १०,००० मुसलमानांपैकी जेमतेम ३,००० उरतात. हजारावर मारले गेले, बाकीचे पळाले.

२९ नोव्हेंबर १९४८. करार संपायचा तोच दिवस. या हिंसाचाराची पाहणी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती दौऱ्यावर निघते. तिच्या अंदाजाने संस्थानभरात २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही सामील होते, असे समिती लिहिते. मुसलमान विणकरांना वाचवताना हिंदू विणकरांनी जीव दिल्याचेही ती नोंदवते. हा अहवाल अनेक दशके सरकारी दप्तरात बंद राहिला.

१७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन पाळतो. तो पाळायलाच हवा. रझाकारांनी मारलेल्यांचा इतिहास आपण मुलांना सांगतो. त्यानंतरच्या वीस दिवसांचा आणि त्या विणकरांचाही सांगितला पाहिजे.