आराखड्याबाहेरची भिलाई

अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांचे सुभेदार विठ्ठल दिनकर यांनी छत्तीसगडचे परगणे पाडून त्यांवर कमाविसदार नेमले, आणि जमाबंदीची घडी मराठी कारभाऱ्यांच्या हातून बसली. परंतु रयतेच्या मनात काय आहे हे टिपण्याचा रकाना त्या दप्तरात नव्हता, आणि दीड शतकानंतर स्वतंत्र भारताच्या सरकारने त्याच मुलखात एक अख्खे शहर कागदावर आखले, तेव्हाही तो रकाना पाडावा असे कोणास सुचले नाही.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्गजवळच्या भातशेतीच्या मुलखात सेक्टरांची भिलाई उभी राहिली. सरळ रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, क्वार्टरांच्या ओळी, हाकेच्या अंतरावर शाळा नि बाजार: आपल्याकडच्या कित्येक औद्योगिक वसाहतींनी लाजावे अशी ही रचना आहे, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. मात्र ज्यांनी कारखाना बांधला त्या मजुरांची सोय तात्पुरत्या छावण्यांत झाली. बांधकाम संपले, मजूर तेथेच राहिले, आणि कॅम्प-१ व कॅम्प-२ ही नावे आजतागायत नकाशावर आहेत.

या नगरीला कंठ दिला तो आराखड्याबाहेरच्यांनी. गनियारी या जवळच्या खेड्यात १९५६ साली जन्मलेल्या तीजनबाई आजोबांकडून पंडवानी, म्हणजे महाभारताची गेय कथा, शिकल्या. स्त्रीने गायची तर ती बसून, वेदमती पद्धतीने, असा दंडक असता, जातभाईंचा बहिष्कार सोसूनही त्या पुरुषांच्या कापालिक शैलीत रंगमंचावर उभ्या राहिल्या. मोरपिसांनी सजलेला तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचे धनुष्य, आणि शेजारचा साथीदार रागी मध्येच हुंकार भरून कथेला पुढे ढकलतो. नेपथ्याची तिथे गरजच भासत नाही. पुढे पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली, २०१९ साली सरकारने पद्मविभूषण दिले. सन्मान उशिरा पोहोचतात, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा प्रवाह अधिक दाहक. कारखान्याच्या कोक-ओव्हन विभागात काम केलेले शंकर गुहा नियोगी १९७७ साली दल्ली-राजहराच्या लोहखाणींतील कंत्राटी कामगारांचे पुढारी झाले. लाल-हिरवा झेंडा, १९८३ साली कामगारांच्या श्रमातून उभे राहिलेले शहीद रुग्णालय, आणि ‘नवा अंजोर’ हे कलापथक अशी त्या चळवळीची अंगे होती. प्रचारनाट्य बहुधा रुक्ष असते; येथे मात्र कामगारांनी रंगमंचावर आणला तो दुष्काळात सावकाराचे धान्य रयतेला वाटणारा आणि १८५७ साली रायपुरात फासावर गेलेला सोनाखानचा जमीनदार वीर नारायणसिंह. ज्याचा इतिहास कोणी लिहिला नाही, त्या वर्गाने तो करून दाखवला. पुढे नियोगींनी भिलाईतील खासगी कारखान्यांच्या कंत्राटी मजुरांना संघटित केले, आणि २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे झोपेतच त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईच्या पॉवर हाउस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या याच मजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून अधिक माणसे मेली.

अलीकडे आराखड्याबाहेरच्यांनी आपला आवाज उमटवण्याची ही परंपरा तंबुरा नि रंगमंच सोडून मोबाइलवर आली आहे. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वरा’वर छत्तीसगडच्या खेड्यातला माणूस साध्या फोनवरून आपल्या बोलीत हकीगत सांगतो: हातपंप बिघडला, मजुरी थकली. गाणीही येतात, आणि ती तक्रारींच्या शेजारीच ऐकू येतात, हे मला विशेष वाटते. तक्रार सांगून झाली की बोलणारा संबंधित अधिकाऱ्याचा फोन क्रमांकही सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्यांनी त्याला फोन करून जाब विचारावा.