इम्युनोथेरपी सुरू असताना यकृताला सूज आली तर काय करायचे?

कॅन्सरवरील इम्युनोथेरपी घेताना काही रुग्णांच्या यकृताला सूज येते. बहुतेकांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. ना पोट दुखते, ना डोळे पिवळे होतात. बिघाड फक्त रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसतो. वेळेत लक्षात आले तर ही सूज बहुतेक वेळा औषधांनी उतरते. मात्र उशीर झाला तर जिवावर बेतू शकते.

असे का होते?

आपल्या प्रतिकारशक्तीतील टी पेशींना निसर्गानेच ‘ब्रेक’ दिलेले असतात. कॅन्सरच्या पेशी या ब्रेकचा फायदा घेऊन लपतात. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब यांसारखी औषधे हा ब्रेक काढतात. या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ब्रेक निघाला की टी पेशी कधी कधी शरीराच्या निरोगी अवयवांवरही चाल करतात. यकृतावर हल्ला झाला की त्याला ‘इम्युन हिपॅटायटिस’ म्हणतात. तो संसर्गजन्य नसतो.

असे एकच औषध घेणाऱ्या १०० पैकी साधारण ५ ते १० जणांमध्ये यकृताचे आकडे वाढतात. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही दोन औषधे एकत्र दिली तर हे प्रमाण बरेच वाढते. त्रास बहुधा पहिल्या तीन महिन्यांत दिसतो, पण शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही होऊ शकतो.

हा विषय आपल्याकडे का महत्त्वाचा?

मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने २०२२ मध्ये डोके-मानेच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. निवोलुमॅबची नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. येथे दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम औषध इतर गोळ्यांसोबत दिले गेले. एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. मात्रा कमी म्हणजे खर्चही कमी. त्यामुळे हे उपचार गावाकडच्या रुग्णांच्याही आवाक्यात येऊ लागले आहेत.

माढा तालुक्यातील मोडनिंबचे उदाहरण घ्या. गाव पुणे–सोलापूर महामार्गावर आहे, पण अशा रुग्णाला औषध घ्यायला मोठ्या शहरात जावे लागू शकते. डोस शहरात आणि पुढचे तीन आठवडे घरी. त्रास सुरू होतो तो याच काळात, घरी असताना. म्हणून डोसआधीची रक्ततपासणी जवळच्या लॅबमध्ये करून रिपोर्ट आधीच कॅन्सरच्या डॉक्टरांना पाठवता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

रिपोर्टमध्ये काय पाहतात?

एसजीपीटी, एसजीओटी आणि बिलिरुबिन. एसजीपीटीची वरची मर्यादा ४० धरली तर साधारण हिशेब असा:

- १२० पर्यंत: सौम्य. बहुधा उपचार चालू राहतात, तपासणी मात्र लवकर लवकर होते.
- १२० ते २००: मध्यम. पुढचा डोस थांबवतात. आकडे उतरले नाहीत तर स्टिरॉइडच्या गोळ्या देतात.
- २०० ते ८००: गंभीर. इम्युनोथेरपी थांबवून जास्त मात्रेत स्टिरॉइड देतात, अनेकदा रुग्णालयात दाखल करून.
- ८०० च्या वर: जीवघेणे. तातडीने दाखल करतात आणि ते औषध सहसा कायमचे बंद होते.

बिलिरुबिनही वाढले असेल तर धोका अधिक मानतात. स्टिरॉइडने तीनेक दिवसांत फरक पडला नाही तर मायकोफेनोलेट हे औषध जोडतात.

आकडे वाढण्याचे कारण दरवेळी इम्युनोथेरपीच असते असे नाही. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई, दारू, टीबीची औषधे, पॅरासिटामॉलचा अतिरेक किंवा यकृतात पसरलेला कॅन्सर यांमुळेही ते वाढतात. म्हणून डॉक्टर आधी रक्ताच्या इतर तपासण्या आणि सोनोग्राफी करायला सांगतात.

गुळवेलीचा काढा चालेल का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कोरोनाकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या मुंबईतील सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांचा अभ्यास आला. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला होता. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वनस्पती वापरली गेली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद काहीही असो, प्रतिकारशक्ती आधीच चेतवलेली असताना त्यात आणखी भर घालणे धोक्याचे आहे. शिवाय खरे कारण शोधणेही अवघड होते.

‘कावीळ उतरवणारे’ गावठी औषध घेण्यातही हाच धोका आहे, आणि त्यात मोलाचे दिवस वाया जातात.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

- डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, भूक मरणे, सततची मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणे, अंगावर सहज निळे डाग पडणे: यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रुग्ण बरळू लागला किंवा सारखा झोपेत राहिला तर थेट रुग्णालय गाठा.
- गावातल्या डॉक्टरांना ‘केमो चालू आहे’ एवढेच सांगू नका. औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिलेला कागद दाखवा.
- बरे वाटले म्हणून स्टिरॉइड अचानक बंद करू नका. मात्रा चार ते सहा आठवडे किंवा जास्त काळ हळूहळू उतरवावी लागते, नाहीतर सूज परत येऊ शकते.
- स्टिरॉइडने साखर वाढते. मधुमेह असेल तर ती रोज तपासा. हिपॅटायटिस बी किंवा टीबी पूर्वी झाला असेल तर आधीच सांगा.

डोस थांबला म्हणजे उपचार संपले असे नाही. आकडे जवळपास पूर्ववत झाले आणि स्टिरॉइडची मात्रा अगदी कमी झाली की अनेकांची इम्युनोथेरपी पुन्हा सुरू करता येते. तो निर्णय मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांचाच.