राख, रिठा आणि फेस: घरच्या स्वच्छतेचा इतिहास

आज बाजारात 'इको-फ्रेंडली' असं लिहिलेल्या बाटल्या दिसतात. हा शब्द नवा आहे, पण त्यामागची गोष्ट जुनी आहे. ती आपल्या मोरीतूनच सुरू होते.

साबण घरोघर येण्याआधी भांडी कशाने घासत? चुलीतल्या राखेने. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. भांड्याच्या तेलकटपणाशी त्याचा संयोग झाला की थोडासा साबण तिथेच तयार होतो, आणि उरलेला चिकटा राखेच्या घासण्याने निघतो. तांब्यापितळेला चिंच लावत, कारण तिच्यातलं आम्ल धातूवरचा काळा थर विरघळवतं. रेशीम, लोकर आणि केसांसाठी रिठा होता. गुजरातेत तो अरीठा, कर्नाटकात अंटुवाळ, तेलुगू घरात कुंकुडुकाय. नावं वेगळी, गुण एकच: सालीतलं सॅपोनिन पाण्यात फेस धरतं आणि मळ सोडवतं. सोनारही दागिने उजळायला रिठा वापरतात.

साबण आपल्याला अगदीच परका होता असंही नाही. 'साबण' हा शब्द अरबी 'साबून'शी नातं सांगतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने 'आइन-इ-अकबरी'त वऱ्हाडातल्या लोणारची नोंद केली, तेव्हा तिथे काच आणि साबण बनवायचं साहित्य मिळतं असं लिहिलं. लोणार सरोवराचं पाणी आजही खारं आणि अल्कधर्मी आहे.

1888 मध्ये कोलकात्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या आणि विलायती वडीचा व्यापार वाढत गेला. साबणात जनावरांची चरबी असते म्हणून अनेक घरं तो टाळत. 1918 च्या सुमारास आर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलापासून साबण काढला, तेव्हा ती अडचण दूर झाली.

खरा बदल मात्र पावडरीने केला. 1959 मध्ये सर्फ आला, पण तो महाग होता. 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरच्या आवारात निरमा बनवायला सुरुवात केली आणि सायकलवरून दारोदार विकला. सर्फपेक्षा तो कितीतरी स्वस्त होता. त्यात सोडा भरपूर, त्यामुळे हात चरचरत. तरी घरोघरच्या बायकांनी तो उचलून धरला. त्यांना दोष कसा द्यायचा? राखेने हंडे घासणं आणि दगडावर कपडे आपटणं ज्यांनी वर्षानुवर्षं केलं, त्यांना त्या पुडीत विसावा दिसला.

त्या विसाव्याची किंमत पाण्याने मोजली. पावडरीतली फॉस्फेटं तळ्यात गेली की शेवाळ आणि जलपर्णी माजते, प्राणवायू घटतो. 2015 मध्ये बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर तलावावरचा फेस रस्त्यावर आला, त्याला आगही लागली. शहराचं न शुद्ध केलेलं सांडपाणी आणि त्यातले डिटर्जंट हे त्या फेसामागचं मोठं कारण.

सरकारला याची जाणीव आधीच झाली होती. 1991 मध्ये केंद्राने 'इकोमार्क' योजना आणली. तिचं चिन्ह मातीचा घडा. पहिल्या वस्तूंमध्ये साबण आणि डिटर्जंट होते. पण तो घडा किती पुडक्यांवर दिसला, हे तुम्हीच आठवून पाहा.

मग सरळ मागे जायचं का? तेही पुरेसं नाही. निसर्गातून आलेलं सगळंच निरुपद्रवी नसतं. रिठ्याचं पाणी डोळ्यांना झोंबतं, आणि त्यातलं सॅपोनिन माशांना बाधतं. रिठ्याच्या जातीची फळं मासे गुंगवायला वापरली जात. जुनी पद्धत निभावली ती कमी मापामुळे. शिवाय तिचे कष्ट बहुतेक बाईच्या वाट्याला होते.

म्हणून इतिहास दोन प्रश्न हाती देतो. घरातलं पाणी मोरीतून कुठे जातं? आणि घासणारे हात कुणाचे? फॉस्फेट नसलेली पावडर घ्या, अर्धा चमचा कमी टाका, रेशमी साडीला रिठा वापरा. आणि घासायची पाळी घरातल्या सगळ्यांवर येऊ द्या. बाटलीवरच्या हिरव्या पानापेक्षा या सवयी पाण्याला जास्त मानवतील.