ठिणगीचा प्रश्न : बॅटरी की मॅग्नेटो?

पेट्रोलचे इंजिन घडवणे अवघड होतेच. परंतु सिलिंडरमध्ये दाबलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण नेमक्या क्षणी पेटवणे त्याहून अवघड होते. कार्ल बेन्झ या प्रज्वलनालाच सर्व समस्यांची समस्या मानत.

त्यांचे प्रतिस्पर्धी गोटलीब डाइम्लर यांनी विजेचा नादच सोडला. सिलिंडरला जोडलेली एक नळी बर्नरने लालभडक तापवायची. मिश्रण तिला भिडले की पेट घेई. युक्ती साधी, पण पेट्रोलच्या सान्निध्यात अखंड जळणारी ज्योत, आणि पेटण्याचा क्षण चालकाच्या हाती नाही!

बेन्झ यांनी १८८६ च्या आपल्या तीनचाकी गाडीत बॅटरी आणि कॉइल वापरली. कंप पावणारी पट्टी बॅटरीचा क्षीण प्रवाह वारंवार तोडी. प्रत्येक खंडासरशी कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होई आणि प्लगच्या फटीत ठिणगी उडे. १८९५ च्या सुमारास फ्रान्समधील द दिऑं-बुतों यांनी प्रवाह तोडण्याचे काम इंजिनानेच फिरणाऱ्या कॅमकडे सोपवले. त्यांचे चिमुकले इंजिन मिनिटाला दीड हजाराहून अधिक फेरे घेऊ लागले. त्या काळी हा वेग थक्क करणारा होता.

मात्र बॅटरी वाटेतच संपे. तिला पुन्हा भारित करणारे कोणतेही यंत्र गाडीवर नव्हते.

येथे मॅग्नेटो पुढे आला. चुंबकांच्या क्षेत्रात वेटोळे फिरवून वीज जागच्या जागी निर्माण करायची; बॅटरीची गरजच नाही. श्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश यांच्या कार्यशाळेने १८९७ मध्ये तो मोटार-तीनचाकीवर बसवला. परंतु त्याचा दाब कमी असल्याने ठिणगीसाठी सिलिंडरच्या आतच हलणारे संपर्कबिंदू ठेवावे लागत, आणि वेग वाढला की ते झिजत. बॉश यांचे अभियंते गोटलोब होनोल्ड यांनी १९०२ पर्यंत उच्चदाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. आता केवळ स्थिर प्लग पुरेसा होता.

तरीही त्याची एक खोड राहिलीच. हँडल मारताना इंजिन मंद फिरते, म्हणजे ठिणगीची सर्वाधिक निकड असते, तेव्हाच मॅग्नेटो दुबळा पडे. म्हणून रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टमध्ये दोन्ही व्यवस्था दिल्या होत्या. फोर्डच्या मॉडेल टीने (१९०८) निराळा मेळ घातला : फ्लायव्हीलवर चुंबक आणि त्यांच्या विजेवर चालणाऱ्या चार कंपक कॉइल. शिवाय ठिणगीची वेळ मागे घ्यायला चालक विसरला, तर हँडल उलटा हिसका देई आणि मनगट मोडे. हा धोका सर्वच गाड्यांत होता.

मॅग्नेटोचे महत्त्व १९१४ मध्ये ब्रिटनला फार महागात कळले. युद्ध पेटले, आणि लष्करी मोटारी व विमाने ज्या मॅग्नेटोंवर चालत, ते जवळजवळ सर्वच शत्रूकडून येत असल्याचे ध्यानात आले.

मोटारीत अखेर बॅटरी जिंकली, ती उत्तम ठिणगीमुळे नव्हे. चार्ल्स केटरिंग यांच्या यंत्रणेमुळे १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर, दिवे आणि बॅटरी भारित ठेवणारा डायनॅमो एकत्र आले. वीज गाडीत असणारच होती. मग ठिणगीसाठी स्वतंत्र, महागडे यंत्र कोण बाळगणार?

विमानात मात्र हिशेब वेगळा होता. पिस्टन इंजिनाच्या बहुतेक लहान विमानांत आजही दोन मॅग्नेटो असतात; बॅटरी पार निकामी झाली तरी पंखा फिरत राहतो.