रिसाला बाजार आणि नातीचं हेल्मेट

आमच्या हिंगोलीत रिसाला बाजार नावाची वस्ती आहे. रिसाला म्हणजे घोडदळ. निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथे 1903 पर्यंत होती. स्वार गेले, नाव राहिलं. त्या स्वारांच्या डोक्याला फेटा असे. तलवारीचा वार त्याने थोडाफार अडत असेल, पण घोड्यावरून पडल्यावर मेंदूला बसणारा हादरा कापड किती झेलणार?

"डोकं फुटलं नाही, वाचला" असं आपण सहज म्हणून जातो. मार आतही लागतो, मंडळी! 1935 साली 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' मोटारसायकलवरून पडून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांतले मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स पुढे हेल्मेटच्या अभ्यासामागेच लागले. घोड्यावरच्या मुलांसाठी ब्रिटनमध्ये कायदा झाला तो थेट 1990 साली: 14 वर्षांखालच्यांना रस्त्यावर हेल्मेट सक्तीचं.

हे सगळं निघालं, कारण पुण्याची नात घोडेस्वारी शिकणार आहे. सूनबाईंनी फोनवर विचारलं, "बाबा, एक साइझ मोठं घेऊ का? दोन वर्षं तरी चालेल." परकर-पोलकं वाढत्या अंगाचं शिवावं, हेल्मेट नव्हे! भुवयांच्या जरा वरून टेप फिरवून डोक्याचा घेर मोजायचा. पट्टा लावण्याआधीच मान हलवून पाहायची, हेल्मेट डुलता कामा नये. सायकलचंही नको, घोडेस्वारीच्या हेल्मेटच्या चाचण्या वेगळ्या असतात. जोरात एकदा आपटलं की आतला फोम दबतो, वरून दिसत नाही, म्हणून ते बदलायचं. चुलतभावाचं जुनं घरात आहे म्हणे, तेही नको असं कळवलंय.